थंडरबर्डमध्ये मेल येतायत पण जात नाहीयेत, टाइम आउटची एरर

हिशेबवही

नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे म्हणून सगळं एकदमच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मिरजेत करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे, तिथलं कॉम्प्युटरचं जे काय असतं ते माझ्याकडेच येतं. डेस्कटॉपला विंडोज १० आहे, त्यावर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम आणि त्यात दोन अकाउंट, एक ऑफिसच्या स्वतःच्या डोमेनचं, ते पॉपवर आहे, आणि दुसरं साधं जीमेल. डोमेनचं होस्टिंग शेअर्ड आहे, सीपॅनल म्हणजे ते सांभाळायचं पान मिळतं. आता झालंय असं की ऑफिसचं नेट बदललं, जुनं तांब्याच्या वायरचं ब्रॉडबँड काढून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं, स्पीड छान आहे, जीएसटीचं पोर्टल वगैरे सगळं पटापट उघडतं, पण तेव्हापासून डोमेनच्या अकाउंटवरून एकही मेल बाहेर पडत नाहीये. येणारे मात्र बरोबर येतात! सेंड दाबलं की ती पट्टी बराच वेळ हलत राहते आणि मग इंग्रजीत येतं की सेंडिंग ऑफ द मेसेज फेल्ड, आणि खाली की आउटगोइंग सर्व्हर एसएमटीपीचं कनेक्शन टाइम्ड आउट, पुन्हा प्रयत्न करा.

जीमेलच्या अकाउंटवरून त्याच थंडरबर्डमधून मेल जातात. ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून पाठवलं तर डोमेनचेही जातात. पासवर्ड कुणीही बदललेला नाही. फायबरवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात लाइन व्यवस्थित आहे, होस्टिंगवाले म्हणतात सर्व्हर चालू आहे, आणि दोघंही खरंच बोलतायत कारण दोन्ही मला दिसतंय की चालू आहे. मग अडकतंय कुठे?

रिटर्नचे दिवस आहेत, क्लायंटना कॉम्प्युटेशन, चलन सगळं मेलनेच जातं. सध्या वेबमेलवरून काम भागवतेय पण मग पाठवलेल्याची कॉपी थंडरबर्डच्या सेंटमध्ये येत नाही आणि नंतर सरांनी विचारलं की अमक्याला काय पाठवलं होतं तर दोन ठिकाणी शोधावं लागतं. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

पुणे३०

थंडरबर्ड अनइन्स्टॉल करून फ्रेश टाका, किंवा ते अकाउंट डिलीट करून परत अ‍ॅड करा. नवीन नेटवर सेटिंग आपोआप घेईल. माझ्याकडे असंच केलं होतं.

वायरमन_कोल्हापूर

ताई थांबा, वरचं काही करू नका अजून. अकाउंट पॉपवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून घेतले जातात, आणि सर्व्हरवर किती दिवस ठेवायचे याचं सेटिंग कसं आहे त्यावर ते तिथे उरलेत की नाही ते ठरतं. बऱ्याच ऑफिसात गेल्या कित्येक वर्षांचे मेल फक्त त्या एका डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कवर असतात, दुसरीकडे कुठेच नाही. अकाउंट काढताना थंडरबर्ड विचारतं की मेसेजचा डेटा पण काढू का, तिथे घाईत टिक झाली की गेलं सगळं. मी लोकांचे रडवेले चेहरे बघितलेत यावरून, म्हणून इतक्या जोरात सांगतोय.

आणि नुसतं अनइन्स्टॉल करून काय होणार, सांगतो. थंडरबर्डचा प्रोग्राम वेगळ्या जागी असतो आणि तुमचं प्रोफाइल म्हणजे अकाउंट, सेटिंग, मेल हे सगळं युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये वेगळं असतं. प्रोग्राम काढून परत टाकला तरी तो तेच जुनं प्रोफाइल उचलतो आणि तीच एरर परत दाखवतो. म्हणजे वेळ गेला आणि हाती काही नाही.

पहिलं काम, बॅकअप. हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, त्यात प्रोफाइल फोल्डर अशी ओळ आहे, समोर ओपन फोल्डरचं बटण. ते उघडलं की थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर नाहीतर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. मग बाकीचं बघू.

ठाणेकर_सिसॅडमिन

वायरमन भाऊंशी शंभर टक्के सहमत, आधी बॅकअप.

हिशेबवही ताई, तुम्ही जेवढी माहिती दिलीत त्यातच उत्तर जवळजवळ आलंय. मेल येणं आणि मेल जाणं हे थंडरबर्डच्या लेखी पूर्ण वेगळे दोन व्यवहार आहेत. येतो तो पॉपने किंवा आयमॅपने (त्यात मेल सर्व्हरवरच राहतात), जातो तो एसएमटीपीने, दोघांचं सर्व्हरचं नाव वेगळं असू शकतं, पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दरवाजाचा नंबर वेगळा, युजरनेम वेगळं साठवलेलं, पासवर्डसुद्धा वेगळा साठवलेला. त्यामुळे येतायत म्हणजे सेटिंग बरोबरच असणार असं धरून चालता येत नाही. आणि वेबमेलवरून जातात याने एवढंच कळतं की मेलबॉक्स ठीक आहे, कारण तिथे मेल तुमच्या मशीनवरून निघतच नाही, सर्व्हरवरच तयार होतो आणि तिथूनच जातो.

आता टाइम आउट हा शब्द महत्त्वाचा. पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने तोंडावर सांगितलं असतं, ५३५ असा काहीतरी नंबर आला असता. इथे सर्व्हर काहीच बोलत नाहीये, म्हणजे तुमची हाक तिथपर्यंत पोचतच नाहीये. नेट बदलल्यावर हे सुरू झालं, आणि जीमेल चालतंय. माझा अंदाज असा की तुमच्या डोमेनच्या अकाउंटला आउटगोइंग पोर्ट २५ लावलेला असणार आणि नव्या कंपनीने तो बंद ठेवलाय.

बघायचं कसं, तर उजवीकडे वर तीन आडव्या रेघा, अकाउंट सेटिंग्ज, आणि डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली आउटगोइंग सर्व्हर एसएमटीपी. तिथे दोन सर्व्हर दिसतील, तुमच्या डोमेनच्या नावावर क्लिक करून पोर्ट, कनेक्शन सिक्युरिटी, ऑथेंटिकेशन मेथड आणि युजरनेम ह्या चार गोष्टी जशा आहेत तशा इथे लिहा. पासवर्ड लिहू नका आणि डोमेनचं खरं नावही नको.

शिवाय एक टेस्ट करा, सेटिंगला हात न लावता करता येते. स्टार्टमध्ये पॉवरशेल टाइप करून ते उघडा, त्यात टेस्ट नेटकनेक्शन ही कमांड, टेस्ट आणि नेटकनेक्शनच्या मध्ये डॅश, मग स्पेस देऊन तुमच्या मेल सर्व्हरचं नाव, मग स्पेस, डॅश पोर्ट, स्पेस आणि २५. सगळ्यात शेवटच्या ओळीत ट्रू किंवा फॉल्स येतं. मग २५ च्या जागी ५८७ आणि नंतर ४६५ घालून तेच करा. तीन उत्तरं सांगा.

निळंपाखरू

ताई तोवर काम अडलंय ना, तर सोपा उपाय आहे, डोमेनच्या अकाउंटला आउटगोइंग सर्व्हर म्हणून खाली ड्रॉपडाउनमध्ये जीमेलचाच निवडा. जीमेलचा चालतोय म्हणताय. मेल जातील लगेच.

ठाणेकर_सिसॅडमिन

जातील, पण कुठल्या नावाने जातील ते बघा. जीमेलच्या एसएमटीपीतून दुसऱ्या पत्त्याचा मेल पाठवला आणि तो पत्ता जीमेलच्या सेटिंगमध्ये सेंड मेल अ‍ॅज म्हणून आधी जोडून पडताळलेला नसेल तर गूगल फ्रॉममधला पत्ता बदलून स्वतःचा जीमेलचा पत्ता घालतं. क्लायंटला ऑफिसच्या पत्त्याऐवजी कुठल्यातरी जीमेलवरून पॅन नंबर असलेली पीडीएफ येईल, तो उघडेल का? मी तर उघडणार नाही. आणि त्याने रिप्लाय केला तर तो जीमेलला जाईल, ऑफिसच्या इनबॉक्समध्ये नाही. करसल्लागाराच्या ऑफिसात असला घोळ नको. एक दिवस वेबमेलवर काढलेला बरा.

हिशेबवही

सगळ्यांचे खूप आभार. बॅकअप घेतला आधी, फोल्डर बराच मोठा निघाला, म्हणजे जुने मेल खरंच इथेच आहेत, बरं झालं काही काढलं नाही.

सेटिंग बघितलं. पोर्ट २५. कनेक्शन सिक्युरिटी नन. ऑथेंटिकेशन मेथड, नो ऑथेंटिकेशन. युजरनेमची जागा रिकामी. हे खूप वर्षांपूर्वी डोमेन घेतलं तेव्हा जो मुलगा आला होता त्याने लावलेलं, त्यानंतर कुणी हात लावला नाही कारण चालत होतं.

पॉवरशेलमध्ये २५ ला बराच वेळ थांबून फॉल्स आलं. ५८७ ट्रू. ४६५ पण ट्रू. आणि एक विचारायचंय, नो ऑथेंटिकेशन असताना इतकी वर्षं मेल जात कसे होते? म्हणजे पासवर्ड न देता कुणीही आमच्या नावाने पाठवू शकत होतं का??

ठाणेकर_सिसॅडमिन

मिळालं. २५ बंद, बाकी दोन उघडे. आता बदलायचं काय ते सांगतो आणि तुमचा प्रश्न चांगला आहे म्हणून त्याचंही सांगतो.

१९८२ साली एसएमटीपीचं पहिलं स्टँडर्ड आलं, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेलं, त्यात पासवर्डची सोयच नव्हती. तेव्हाच्या नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनाच्या जागा, सगळे ओळखीचे. पोर्ट २५ तेव्हापासूनचा आणि तो मुळात एका मेल सर्व्हरने दुसऱ्या मेल सर्व्हरला मेल द्यायचा दरवाजा आहे. पुढे स्पॅम वाढला, लोकांच्या घरच्या व्हायरस लागलेल्या पीसीवरून हजारो मेल त्या २५ मधून थेट बाहेर जायला लागले, म्हणून मग जगभरच्या इंटरनेट कंपन्यांनी साध्या ग्राहकांच्या लाइनवर बाहेर जाणारा २५ बंद करायला सुरुवात केली. तुमच्या जुन्या लाइनवर तो उघडा होता, नव्या लाइनवर नाही, एवढाच फरक. फायबरवाल्यांचं यात काही चुकलेलं नाही, उलट बरोबर केलंय. तुमच्या माझ्यासारख्यांनी प्रोग्राममधून मेल पाठवायचा दरवाजा वेगळा, तो ५८७, तो १९९८ मध्येच ठरला होता, आणि १९९९ मध्ये एसएमटीपीत लॉगिनची पद्धत स्टँडर्ड झाली.

पासवर्डशिवाय कसे जात होते, तर काही सर्व्हरवर अशी जुनी सोय असायची की तुम्ही आधी पॉपने मेल उतरवले म्हणजे त्या वेळी तुमची ओळख पटली, मग पुढचा थोडा वेळ त्याच आयपीवरून, म्हणजे नेटवरच्या त्याच पत्त्यावरून, आलेले मेल विनापासवर्ड घ्यायचे. थंडरबर्ड दर थोड्या वेळाने पॉप तपासतं त्यामुळे दार कायम उघडंच राहायचं. तुमचं तसंच असणार असं मला वाटतं. म्हणजे अगदी कुणीही नाही, पण त्या आयपीवरचं कुणीही, म्हणजे ऑफिसमधलं कुठलंही मशीन, पाठवू शकलं असतं. तेव्हा हे सेटिंग तसंही जायलाच हवं होतं.

आता करा असं. त्याच आउटगोइंग सर्व्हरवर एडिट दाबा. पोर्ट ५८७. कनेक्शन सिक्युरिटी स्टार्टटीएलएस. ऑथेंटिकेशन मेथड नॉर्मल पासवर्ड, नाव ऐकून घाबरू नका, स्टार्टटीएलएस चालू असल्यावर तो पासवर्ड कूटबद्ध होऊनच जातो. युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता, अ‍ॅट आणि डोमेनसकट. ओके करा, नवा मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवून बघा. पासवर्ड विचारेल, तो मेलबॉक्सचाच.

४६५ वापरायचा असेल तर तोही चालतो, पण मग सिक्युरिटीत एसएसएल टीएलएस निवडायचं. जोडी चुकवू नका. ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं तर दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात आणि परत तीच टाइम आउटची एरर, ५८७ ला एसएसएल टीएलएस लावलं तर कनेक्शन जुळतच नाही, आणि माणूस म्हणतो पोर्ट बदलून पण काही झालं नाही. हा घोळ फार जणांचा होतो.

वायरमन_कोल्हापूर

त्यात एक भर. सीपॅनलमध्ये ईमेल अकाउंट्समध्ये गेलात की प्रत्येक मेलबॉक्ससमोर कनेक्ट डिव्हायसेस असं असतं. त्यात तुमच्याच सर्व्हरचं नाव, पोर्ट, युजरनेम सगळं लिहिलेलं मिळतं. अंदाजाने टाकण्यापेक्षा तिथलं बघून टाका, विशेषतः सर्व्हरचं नाव.

हिशेबवही

आता एरर बदलली! ती पट्टी फिरत नाही, सेंड दाबलं की लगेच येतं, ५३५ इनकरेक्ट ऑथेंटिकेशन डेटा. युजरनेम मी office एवढंच नाही हं, पूर्ण पत्ताच टाकलाय. पासवर्ड परत परत टाकून बघितला, वेबमेलला चालतो तोच.

आणि आता तर येणारे मेल पण थांबले. सकाळी येत होते. आता पॉपला पण कनेक्शन होत नाहीये, आणि सीपॅनल, आमची वेबसाइट काहीच उघडत नाही ऑफिसच्या नेटवर. मोबाइलच्या डेटावर सगळं उघडतं. मी काही बिघडवलं का?

ठाणेकर_सिसॅडमिन

काही बिघडलेलं नाही, शांत व्हा. पण आता पासवर्ड टाकणं थांबवा, थंडरबर्ड बंदच करून ठेवा थोडा वेळ.

एकाच आयपीवरून थोड्या वेळात चुकीचे पासवर्ड सारखे आले की होस्टिंगच्या सर्व्हरला वाटतं कुणी मेलबॉक्स फोडायला बसलंय आणि तो तो आयपीच अडवतो. मग त्या आयपीवरून मेल नाही, वेबसाइट नाही, काही नाही. मोबाइलवर दिसतंय ते त्यामुळेच, तिथला आयपी वेगळा. बहुतेक ठिकाणी काही वेळाने आपोआप सुटतं, नाहीतर होस्टिंगच्या सपोर्टला तुमचा आयपी देऊन अनब्लॉक करा म्हणून सांगा, आयपी गूगलवर माय आयपी शोधलं की दिसतो. आणि विचारतातच म्हणून आधीच सांगा की आउटगोइंग सेटिंग बदलत होतो. तो पत्ता मोबाइलवरून न बघता ऑफिसच्याच मशीनवर बघायचा हे लक्षात ठेवा.

५३५ का येतंय ते बघू. पासवर्ड बरोबर आहे म्हणताय तर शक्यता अशी की थंडरबर्ड तुम्ही टाकलेला पासवर्ड वापरतच नाहीये, आधी कधीतरी साठवलेला वापरतोय. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे सेव्हड पासवर्ड्स. यादीत एकाच डोमेनच्या दोन नोंदी दिसू शकतात, एक मेलबॉक्स किंवा पॉपने सुरू होणारी आणि एक एसएमटीपीने. एसएमटीपीची ओळ तेवढी निवडून रिमूव्ह करा, पॉपचीला हात नको. थंडरबर्ड बंद करून उघडा. मग पाठवताना नव्याने विचारेल तेव्हा पासवर्ड टाका, वेबमेलमध्ये चालतो तोच, आणि कॉपी पेस्ट करत असाल तर शेवटी एखादी स्पेस चिकटलेली नाही ना ते बघा.

वायरमन_कोल्हापूर

आणि युजरनेमच्या जागीही तेच बघा हं, पत्त्याच्या आधी किंवा नंतर स्पेस. वरून दिसत नाही. मी एका दुकानात दुपारभर बसलो होतो, शेवटी स्पेस निघाली.

हिशेबवही

थोड्या वेळाने आपोआप सुटलं, सपोर्टला फोन करायच्या आधीच. सेव्हड पासवर्डमध्ये एसएमटीपीची एक जुनी नोंद होतीच, तिच्यात बघा बटण दाबल्यावर दिसला तो पासवर्ड आम्ही कधीच सोडलेला जुना. ती काढली.

आता पासवर्ड विचारला, टाकला, पुढे गेलं पण एक नवी खिडकी आलीय, अ‍ॅड सिक्युरिटी एक्सेप्शन. म्हणतेय की सर्टिफिकेट दुसऱ्या साइटचं आहे. खाली कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन असं बटण आहे. दाबू का? न विचारता दाबायचं नाही असं ठरवलंय आता.

ठाणेकर_सिसॅडमिन

थांबलात ते फार चांगलं केलंत. ही खिडकी लोक कंटाळून ओके करतात आणि तिचं काम नेमकं तेच असतं की तुम्हाला थांबवायचं, कारण चुकीच्या सर्व्हरला पासवर्ड देण्याआधीची ही शेवटची पायरी आहे.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. त्याच खिडकीत व्ह्यू सर्टिफिकेट आहे. उघडा आणि दोन ठिकाणी बघा, ते कुणाला दिलंय आणि कुणी दिलंय. कुणी दिलंय तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं नाव असेल तर अँटिव्हायरस मध्ये बसून मेल उघडून तपासतोय आणि पुढे स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतोय, मग त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मेल स्कॅनिंग तेवढं बंद करायचं, बाकी संरक्षण चालू ठेवून. फाइल उघडताना ती तपासली जातेच.

कुणाला दिलंय तिथे होस्टिंगच्या सर्व्हरचं लांबलचक नाव दिसत असेल तर शेअर्ड होस्टिंगमधली नेहमीची गोष्ट आहे. एका मशीनवर शेकडो डोमेन असतात, तुम्ही मेल डॉट तुमचं डोमेन असं नाव टाकलंय आणि मशीन स्वतःचं नाव सांगतंय. अशा वेळी एक्सेप्शन न देता थंडरबर्डच्या सर्व्हर नेमच्या जागी ते सर्टिफिकेटवरचं नाव टाका, वायरमन भाऊंनी सांगितलेल्या कनेक्ट डिव्हायसेसमध्येही बहुतेक तेच असेल, जुळवून बघा. जुळलं तर निःशंक टाका.

आणि तिसरं, कॉम्प्युटरचं घड्याळ. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते, मग प्रत्येक सर्टिफिकेट चुकीचं वाटतं. पण तुमच्याकडे बाकी वेबसाइट उघडतायत म्हणजे ते नसावं.

हिशेबवही

गेला!!! मेल गेला. सर्टिफिकेटवर सर्व्हरचंच नाव होतं आणि कनेक्ट डिव्हायसेसमध्येही तेच होतं, ते टाकलं, खिडकी आलीच नाही, थेट गेला. जीमेलवर येऊन पोचला पण, इनबॉक्समध्येच.

पॉपचं पण बघितलं, ते ११० वर आणि सिक्युरिटी नन असं होतं, म्हणजे पासवर्ड उघडाच जात होता ना इतकी वर्षं? कनेक्ट डिव्हायसेसमध्ये ९९५ आहे, एसएसएल टीएलएस, ते करून टाकलं, चालतंय. पासवर्डही बदलून घेतला आता सीपॅनलमधून, दोन्हीकडे नवा टाकला.

एक शेवटचं. सरांनी लगेच एका क्लायंटला स्कॅन केलेले दाखले पाठवले, पीडीएफ मिळून २२ एमबी होत्या, जीमेलच्या अकाउंटवरून पाठवले कारण क्लायंटशी सगळं त्याच अकाउंटवर चालू आहे, तर ५५२ म्हणून परत आलं, मेसेज साइज जास्त. पण जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे ना?

वायरमन_कोल्हापूर

अभिनंदन ताई!

२५ आहे पण ती अख्ख्या मेलची, फाइलची नाही. मेल मुळात फक्त अक्षरं वाहून नेण्यासाठी बनलेला, म्हणून पीडीएफ किंवा फोटो जोडला की प्रोग्राम त्याला बेस६४ मध्ये अक्षरांत बदलतो, दर तीन बाइटची चार अक्षरं, वर ओळी तोडायला आणखी थोडं. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्तच फुगतं. २२ एमबीचे ३० च्या आसपास होतात. २५ च्या आत बसवायचं तर फाइली मिळून १८ पर्यंतच ठेवा. स्कॅनरमध्ये ६०० डीपीआय असेल तर २०० किंवा ३०० करा आणि रंगीत नको असेल तिथे ग्रे, दाखले वाचायला तेवढं पुष्कळ होतं आणि फाइल एकदम लहान होते.

अजून एक लक्षात ठेवा. कधी अशी एरर येईल की मेसेज पाठवला गेला पण सेंट फोल्डरमध्ये कॉपी ठेवता आली नाही. ती वाचून परत सेंड करू नका, मेल गेलेला असतो, क्लायंटला दोनदा जातो. चलन दोनदा गेलं की लोक दोनदा भरतात हो. तिथे फक्त कॉपी ठेवायचा प्रश्न असतो, रिट्राय दिलं की तेवढंच परत करतं.

ठाणेकर_सिसॅडमिन

सवड मिळाली की सीपॅनलमध्ये ईमेल डिलिव्हरेबिलिटी नावाचं पान बघा. तिथे एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनचाच आहे हे पटवणाऱ्या दोन सोयी, दोन्ही व्हॅलिड दिसायला हवेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला दोन्हीपैकी निदान एक असावंच लागतं, नसेल तर ५५० ५.७.२६ असा नंबर येऊन मेल परत येतो नाहीतर स्पॅममध्ये जातो. तुमचा इनबॉक्समध्ये पोचलाय म्हणजे बहुतेक आहे, तरी खात्री करून घ्या कारण तुमचे निम्मे क्लायंट जीमेलवर असणार.

जुनं_हॉटमेल

ताईंचं झालं, आता माझं विचारू का, वेगळा धागा काढत नाही. माझं हॉटमेलचं अकाउंट आहे, थंडरबर्डमध्येच आयमॅपवर. माझ्याकडे पण ५३५, पण लांब नंबर, ५.७.१३९, आणि बेसिक ऑथेंटिकेशन इज डिसेबल्ड असं. सेव्हड पासवर्ड काढून बघितला, पासवर्ड बरोबर टाकला तरी तेच. नेट बदललेलं नाही.

ठाणेकर_सिसॅडमिन

तुमचं वेगळं आहे, नंबर सारखा दिसला तरी पुढचं वाक्य वाचा, त्यात कारण लिहिलंय. मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून हॉटमेल, आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक अकाउंटना नुसत्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्राममधून लॉगिन बंद केलं. पासवर्ड कितीही बरोबर असला तरी घेणार नाही. आउटगोइंग सर्व्हरमध्ये ऑथेंटिकेशन मेथड नॉर्मल पासवर्डच्या जागी ओऑथ२ (कंपनीच्याच पानावर लॉगिन करून प्रोग्रामला परवानगी द्यायची पद्धत) करा, पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस तेच राहू द्या. येणाऱ्या सर्व्हरलाही सर्व्हर सेटिंग्जमध्ये ओऑथ२ च करा. पाठवलं की मायक्रोसॉफ्टची लॉगिनची खिडकी थंडरबर्डमध्येच उघडेल, तिथे लॉगिन करून परवानगी द्या.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, जीमेलचंही तसंच, ३० मे २०२२ पासून नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ओऑथ२ लावा. ज्यांचा प्रोग्राम जुना आहे आणि त्यात ओऑथ२ हा पर्यायच नाही त्यांना जीमेलमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घेता येतो.

जुनं_हॉटमेल

ओऑथ२ केलं, खिडकी उघडते पण पासवर्ड टाकून पुढे गेलं की परत पहिल्या पानावर येते, गोल गोल फिरतंय.

वायरमन_कोल्हापूर

कुकीज बंद असतील. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात अ‍ॅक्सेप्ट कुकीज फ्रॉम साइट्स, तिथे टिक करा. एक्सेप्शनच्या यादीत मायक्रोसॉफ्टची साइट ब्लॉक केलेली नाही ना तेही बघा. मग बंद करून उघडा.

जुनं_हॉटमेल

टिक नव्हतीच. केली, लॉगिन झालं, परवानगी विचारली, दिली. आउटबॉक्समध्ये अडकलेले पण फाइल मेनूतल्या सेंड अनसेंट मेसेजेसने सगळे गेले. धन्यवाद दोघांनाही.